उपग्रहांचं पंचांग : मुंबईच्या उपनगरांसाठी

अंधेरीच्या गच्चीवरून आकाशगंगा दिसत नाही. बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, कुठूनच दिसत नाही. हायवेचे दिवे, बांधकामांवरचे झोत, दुकानांच्या पाट्या आणि हिवाळ्यातली धुळकट हवा यांनी मिळून उपनगरांचं आकाश इतकं उजळून टाकलं आहे की बऱ्या रात्रीही तेजाच्या हिशेबात तिसऱ्या प्रतीपलीकडचे मंद तारे शोधावे लागतात. ज्याला आकाश बघायचं आहे त्यानं कर्जत लोकल पकडून वांगणीला जावं, हा सल्ला वर्षानुवर्षं दिला जातो आणि तो बरोबरच आहे. खगोल मंडळ या हौशी आकाशनिरीक्षकांच्या संस्थेच्या वांगणीच्या रात्रींनी मुंबईच्या कित्येक मुलांना पहिल्यांदा खरं आकाश दाखवलं. पण वांगणीला जाणं वर्षातून एकदोनदा होतं. उरलेल्या रात्री घरच्याच गच्चीवर काय बघायचं, या प्रश्नातून ही पुस्तिका उभी राहिली.

तिचं उत्तर आहे कृत्रिम उपग्रह. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक अनुकूल स्थितीत उणे साडेतीन प्रतीपर्यंत उजळतं. तेजाच्या या मोजपट्टीत आकडा जितका लहान तितकं तेज जास्त, म्हणजे हे स्थानक व्याधाच्या ताऱ्यालाही मागे टाकतं आणि फक्त चंद्र आणि शुक्र यांच्याशीच त्याची तुलना होऊ शकते. अशा वस्तूला हायवेचे दिवे झाकू शकत नाहीत, पौर्णिमेचा चंद्रही झाकू शकत नाही. सुमारे १०९ मीटर रुंदीचं, ४०० ते ४२० किलोमीटर उंचीवरून सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेगानं जाणारं आणि २ नोव्हेंबर २००० पासून एकही दिवस निर्मनुष्य न राहिलेलं हे स्थानक अंधेरी स्टेशनाच्या पुलावरूनही दिसतं. अट एकच, कधी आणि कुठे बघायचं हे माहीत हवं. ते अगोदर मिनिटासेकंदासह सांगता येतं, आणि सांगितलेलं खरं की खोटं हे कोणालाही स्वतःच्या डोळ्यांनी तपासता येतं. या दुसऱ्या गोष्टीचं मोल मला पहिलीपेक्षा जास्त वाटतं. शाळेत आपण जे विज्ञान शिकतो त्यातलं किती आपण स्वतः पडताळून बघतो? इथे दुर्बीण लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही. गच्ची आणि घड्याळ पुरतं.

उपग्रह स्वतः प्रकाश देत नाही, तो सूर्याचा प्रकाश परतवतो. भर दुपारी आकाशाच्या उजेडात तो दिसत नाही आणि मध्यरात्रीही बहुधा दिसत नाही, कारण तेव्हा तो पृथ्वीच्या छायेत असतो. लिंक रोडवर दिवे लागले, रस्ता अंधारला, तरी एखाद्या तीस मजली इमारतीच्या वरच्या काचा अजून उन्हात तांबूस चमकत असतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. चारशे किलोमीटर उंचीवर हेच घडतं, फक्त तिथलं ऊन खूप जास्त वेळ टिकतं. भूमितीनं हिशेब केला तर आपल्या डोक्यावर असलेल्या स्थानकाला सूर्य क्षितिजाखाली सुमारे २० अंश जाईपर्यंत ऊन मिळत राहतं. आपल्या आकाशात काळोख मात्र सूर्य ६ अंश खाली गेला की पुरेसा झालेला असतो. या दोन आकड्यांमधला जो काळ, तोच आपला.

मुंबई १९ अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे इथे सूर्य फारसा तिरका न जाता झपाट्यानं खाली उतरतो, तासाला तेरा-चौदा अंश. म्हणजे सूर्यास्तानंतर साधारण पंचवीस मिनिटांनी खिडकी उघडते आणि दीड तासाच्या आसपास मिटते. पहाटे हाच क्रम उलटा. लंडनमध्ये जूनच्या अखेरीस सूर्य मध्यरात्रीही १५ अंशांहून फार खाली जात नाही, म्हणून तिथे स्थानक रात्रभर कोणत्याही फेरीला दिसू शकतं. आपल्याला ती चैन नाही. आपल्या खिडक्या लहान आहेत, म्हणूनच आपल्याला तक्त्याची गरज त्यांच्यापेक्षा जास्त आहे.

स्थानकाची कक्षा विषुववृत्ताशी ५१.६ अंशांचा कोन करते आणि एक फेरी सुमारे ९३ मिनिटांत पुरी होते. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर असल्यामुळे ही कक्षा ताऱ्यांच्या तुलनेत रोज सुमारे ५ अंश पश्चिमेकडे सरकते आणि सूर्य रोज जवळपास १ अंश पूर्वेकडे. दोन्हींची बेरीज ६ अंश, म्हणून सारं चक्र साधारण ६० दिवसांनी फिरून येतं. काही दिवस संध्याकाळी दर्शन, मग खंड, मग पहाटेची फेरी, पुन्हा खंड. ‘मागच्या आठवड्यात रोज दिसत होतं, आता का दिसत नाही?’ असं विचारणाऱ्याला हेच उत्तर आहे. संध्याकाळच्या फेऱ्याही दोन तऱ्हांच्या असतात. काही दिवस स्थानक नैऋत्येकडून ईशान्येला जातं, काही दिवस वायव्येकडून आग्नेयेला. दोन्हींत ते पश्चिमेकडे उन्हात उगवतं आणि पूर्वेकडे जाता जाता, अनेकदा आकाशाच्या मध्यावरच, छायेत शिरून काही सेकंदांत मंद होत नाहीसं होतं. ते विझणंसुद्धा तक्त्यात सेकंदासह दिलेलं असतं. सगळ्या दर्शनात मला हाच भाग सर्वांत विलक्षण वाटतो, कारण पृथ्वीची छाया एरवी आपल्याला ठळकपणे चंद्रग्रहणातच दिसते.

हे भाकीत कशावरून करतात? प्रत्येक उपग्रहाची कक्षा काही थोड्या संख्यांत, म्हणजे कक्षाघटकांत, मावते: कक्षेचा कल, तिची आकाशातली दिशा, ती किती लांबट आहे, उपग्रह अमुक क्षणी तिच्यावर कुठे होता, दिवसाला किती फेऱ्या करतो आणि हवेचा विरोध त्याला किती होतो. रडार आणि दुर्बिणींनी केलेल्या वेधांवरून अमेरिकेची यंत्रणा या संख्या ठरवते आणि त्या ६९-६९ अक्षरांच्या दोन ओळींत प्रसिद्ध होतात. १९८० मध्ये सूत्रांसकट जाहीर झालेली एक गणितपद्धती वापरून त्या दोन ओळींवरून पुढच्या कोणत्याही क्षणी उपग्रह कुठे असेल हे काढता येतं. त्यात आपलं अक्षांश-रेखांश घातलं की उपग्रहाचे उन्नतांश, म्हणजे क्षितिजापासूनची उंची, आणि त्याची दिशा हाती येते. ‘हेवन्स अबव्ह’सारखी सेवा किंवा फोनवरचं एखादं ॲप हेच करतं. या पुस्तिकेतले तक्तेही तसेच केले आहेत, आणि ते कसे केले हे पहिल्या प्रकरणात पायरीपायरीनं दाखवलं आहे. दहावीपर्यंतची भूमिती पक्की असेल तर ते प्रकरण समजायला अडचण येऊ नये, आणि ते वगळून कोणी थेट तक्त्यांकडे जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

महाराष्ट्राला हे काम नवं नाही. मुरुडजवळच्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली, ‘ग्रहलाघव’ रचला. ‘ज्या’ आणि ‘कोज्या’ (साइन आणि कोसाइन) यांची किचकट गणितं टाळून ग्रहांची स्थानं काढण्याची रीत त्यांनी दिली, आणि ती इतकी सुटसुटीत होती की त्यानंतर शतकानुशतकं गावोगावचे जोशी तिच्यावरून पंचांगं करत राहिले. पण सुटसुटीतपणाहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. कोणत्या ग्रहाचं गणित कोणत्या सिद्धांताप्रमाणे धरलं तर ते प्रत्यक्ष आकाशाशी जुळतं, हे पाहून त्यांनी निवड केली. ग्रंथात लिहिलं आहे एवढ्यावर ते थांबले नाहीत. पुढे १८६० साली केरो लक्ष्मण छत्रे यांनी ‘ग्रहसाधनाची कोष्टकं’ मराठीत दिली, तीही आकाशाशी न जुळणाऱ्या गणिताला नवा आधार देण्यासाठी. गणित करायचं आणि वेध घेऊन तपासायचं, या परंपरेतच मी ही पुस्तिका मांडतो.

एका बाबतीत मात्र उपग्रहाचं पंचांग ग्रहांच्या पंचांगापेक्षा फार कच्चं आहे. गुरू पुढच्या शतकात कुठे असेल हे सांगता येतं. अंतराळ स्थानक पुढच्या महिन्यात मुंबईवरून नेमकं किती वाजता जाईल हे सांगता येत नाही. कारण चारशे किलोमीटरवरही हवा संपलेली नसते. ती अतिविरळ असते, पण स्थानकाला महिन्याला सुमारे दोन किलोमीटर खाली ओढण्याइतकी असते. कक्षा एक किलोमीटर उतरली की एक फेरी सुमारे सव्वा सेकंदानं लवकर पुरी होते. दिवसाला साडेपंधरा फेऱ्या धरल्या तर रोज एकोणीस सेकंदांचा फरक, आणि दहा दिवसांत तीन मिनिटांहून अधिक. शिवाय स्थानकाला अधूनमधून इंजिनं पेटवून वर ढकलतात, तेव्हा आधीचा तक्ता एका दिवसात जुना होतो. आणि ही हवा स्थिरही नसते. सूर्यावर वादळ झालं की वातावरणाचे वरचे थर तापून फुगतात आणि विरोध वाढतो. ३ फेब्रुवारी २०२२ रोजी सोडलेल्या, इंटरनेट सेवेसाठीच्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी चाळीसपर्यंत उपग्रह अशाच एका वादळापायी काही दिवसांत खाली येऊन नष्ट झाले.

याच कारणानं आमच्या पिढीला स्कायलॅब आठवते. १४ मे १९७३ रोजी कक्षेत गेलेलं ते अमेरिकी स्थानक आणखी काही वर्षं टिकेल असा अंदाज होता. सूर्य अपेक्षेपेक्षा जास्त खवळला, वरची हवा दाट झाली, आणि ११ जुलै १९७९ रोजी ते हिंदी महासागरावर आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात कोसळलं. त्याआधीचे दिवस देशभर लोकांनी डोक्यावर काय पडणार या धास्तीत काढले. पडण्याची वेळ सांगणं दिसण्याची वेळ सांगण्यापेक्षा कितीतरी अवघड असतं, कारण शेवटच्या फेऱ्यांत हवेचा विरोध क्षणाक्षणाला वाढतो. दहा मिनिटांची चूक झाली तर जागा साडेचार हजार किलोमीटरनं बदलते.

महाराष्ट्राला अशा कोसळण्याचा प्रत्यय पुढे आला. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची रात्र, आठच्या सुमारास राज्याच्या मोठ्या भागातून आणि शेजारच्या मध्य प्रदेशातून आकाशात जळत जाणाऱ्या रेघा लोकांनी पाहिल्या. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलेलं सापडलं, आसपासच्या गावांत धातूचे गोळे मिळाले. फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या एका चिनी रॉकेटचा तो शेवटचा टप्पा असावा, असं कक्षांचा माग ठेवणाऱ्या तज्ज्ञांनी त्याच्या मार्गावरून सांगितलं. कोणी उल्का म्हणालं, कोणी विमान, कोणी क्षेपणास्त्र. या गोंधळात लोकांना दोष देता येत नाही. संथपणे सरकणारा, तुकडे होत जाणारा प्रकाश म्हणजे उल्का नव्हे, हे ओळखायला आकाश नेहमी बघण्याची सवय लागते, आणि ती सवय लावणं हे या पुस्तिकेचं एक काम आहे.

आता अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपर या आपल्या चार ठिकाणांकडे वळू. बोरिवली ते घाटकोपर हे सरळ अंतर सुमारे सतरा किलोमीटर. स्थानक जमिनीच्या हिशेबानं सेकंदाला सव्वासात किलोमीटर जातं, म्हणजे वेळेत फार तर अडीच सेकंदांचा फरक. म्हणून सगळ्या उपनगरांना एकच तक्ता पुरतो. पण दिशेत फरक पडतो. स्थानक माथ्यावर असताना सतरा किलोमीटर म्हणजे जवळपास अडीच अंश, ओळीनं मांडलेल्या पाच पूर्णचंद्रांएवढे. म्हणजे बोरिवलीहून एखाद्या ताऱ्याला घासून जाणारं स्थानक घाटकोपरहून त्याच्यापासून स्पष्ट दूर दिसेल. दोन ठिकाणच्या मैत्रिणींनी एकाच वेळी फोनवर बोलत हे टिपलं तर त्या दोघींना स्थानकाची उंची स्वतः काढता येईल. दुसऱ्या प्रकरणातला तो प्रयोग शाळांनी अवश्य करावा. नागपूरचा तक्ता मात्र इथे चालणार नाही. नागपूरच्या थेट माथ्यावर असलेलं स्थानक त्याच क्षणी मुंबईतून पूर्वेकडे २७ अंशांवर असतं.

काही दर्शनं तर मैलामैलाला बदलतात. फोनसेवेसाठीच्या जुन्या इरिडियम उपग्रहांच्या आरशासारख्या अँटेनांवरून सूर्याचा झोत जमिनीवर पडे आणि काही सेकंद शुक्राच्या कितीतरी पट तेज आकाशात भडके. झोताच्या मध्यापासून दहा किलोमीटर सरकलं की तेज साफ उतरे. ते उपग्रह २०१९ पर्यंत बहुतेक सगळे निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी आलेले तसे चमकत नाहीत. ज्यांनी ते पाहिलं नाही त्यांचं एक मोठं दर्शन हुकलं. पण स्थानक सूर्याच्या किंवा चंद्राच्या बिंबावरून सरकतं ते आजही बघता येतं. ही घटना सेकंदाहून कमी काळ टिकते आणि जिथून दिसते तो पट्टा चार-सहा किलोमीटरच रुंद असतो. मुलुंडहून दिसेल, बोरिवलीहून दिसणार नाही, आणि मध्ये राष्ट्रीय उद्यान. सूर्यावरचं असं सरकणं बघायला दुर्बिणीपुढे योग्य सूर्यगाळणी लावल्याशिवाय कोणीही, एका क्षणासाठीही, डोळा लावू नये.

क्षितिज प्रत्येक ठिकाणचं निराळं. अंधेरीकरांना वर्सोव्याच्या किनाऱ्यावर पश्चिम उघडी मिळते, तिथे संध्याकाळचं स्थानक समुद्रावर १० अंशांपासून धरता येतं. मुलुंडची पश्चिम डोंगरानं अडवली आहे, पण पूर्वेला मिठागरं आणि खाडी असल्यामुळे पहाटेच्या फेऱ्या आणि संध्याकाळचं विझणं तिथून छान दिसतं. बोरिवलीला उलट, पूर्वेला उद्यानाची गर्द बाजू. घाटकोपरकरांची अडचण वेगळी. पूर्वेकडून धावपट्टीवर उतरणारी विमानं त्यांच्या डोक्यावरून जातात. विमानाचे दिवे लुकलुकतात, लाल-हिरवे असतात, आवाज मागून येतो. उपग्रहाचा प्रकाश एकसारखा, पांढरट, नि:शब्द. दोनदा पाहिलं की पुन्हा गफलत होत नाही.

स्थानकाशिवाय काय बघावं? हबल दुर्बीण बघाच. २४ एप्रिल १९९० रोजी निघालेल्या हबलच्या कक्षेचा कल फक्त २८.५ अंश, त्यामुळे लंडनच्या आकाशात ती येतच नाही आणि मुंबईच्या मात्र माथ्यावरून जाते. तिचं तेज दुसऱ्या प्रतीच्या आसपास, म्हणजे उपनगरांतून जेमतेम, पण दिसते. चीनचं त्यांगोंग स्थानकही ४१.५ अंशांच्या कक्षेतून आपल्यावरून जातं आणि चांगलं तेजस्वी असतं. पवईच्या आयआयटीच्या विद्यार्थ्यांनी बांधलेला ‘प्रथम’ २६ सप्टेंबर २०१६ रोजी पीएसएलव्ही रॉकेटनं सातशे किलोमीटरच्या आसपासच्या कक्षेत नेला. तो जेमतेम दहा किलोचा, म्हणून नुसत्या डोळ्यांना दिसण्याची आशा नाही. तरी उपनगरांत जन्मलेला उपग्रह म्हणून त्याला तक्त्याबाहेर एक पान दिलं आहे. आणि स्टारलिंक. २४ मे २०१९ ला पहिले ६० सोडले गेले, आज ते हजारोंनी आहेत. सोडल्यानंतर पहिले काही दिवस ते ओळीनं जाताना दिसतात आणि ‘आकाशात दिव्यांची माळ’ म्हणून चित्रफिती फिरतात. माळ सुंदर असते यात शंका नाही. पण दूरच्या मंद दीर्घिकांचे फोटो घेणाऱ्या वेधशाळांच्या चित्रांवर या उपग्रहांच्या रेघा उमटतात, आणि रात्रीचं आकाश सगळ्यांचं असताना त्याचा निर्णय थोड्या कंपन्यांनी घ्यावा हे मला पटत नाही.

तक्ता वाचायची रीत अशी. समजा, जानेवारीतल्या एका संध्याकाळसाठी लिहिलं आहे: आरंभ ७-१२-४७, नैऋत्य, १० अंश, मध्य ७-१५-५५, वायव्य, ६२ अंश, अखेर ७-१७-२०, ईशान्य, २८ अंश. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण १० अंश व्यापते, म्हणून नैऋत्येला क्षितिजावर एक मूठ मोजून तिथे बघत राहायचं. सुरुवातीला ठिपका मंद असतो, कारण तेव्हा स्थानक चौदाशे किलोमीटरवर असतं. मध्यावर ते साडेचारशेवर येतं आणि तेज कितीतरी वाढतं. अखेर २८ अंशांवर म्हणजे छायेत प्रवेश. फोनचं घड्याळ आपोआप जुळणारं असावं, आणि गच्चीवर पाच मिनिटं आधी पोचावं, म्हणजे डोळे थोडे सरावतात. मुलं बरोबर असतील तर गच्चीच्या कठड्यापासून दूर उभं राहावं, कारण सगळे वर बघत चालू लागतात.

भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला २६ जून २०२५ रोजी स्थानकात पोचले तेव्हा अनेकांना स्थानक बघावंसं वाटलं असेल, पण मुंबईत ते दिवस ऐन पावसाळ्याचे. जून ते सप्टेंबरचे तक्ते म्हणूनच इथे दिलेले नाहीत, ढग पांगतील त्या दिवशी ताजं गणित करून घ्यावं. ऑक्टोबर ते मे हा आपला हंगाम. हे स्थानक २०३० नंतर समुद्रात उतरवण्याची योजना आहे, तेव्हा ज्यांना ते दाखवायचं आहे त्यांनी फार वाट पाहू नये.

प्रत्येक तक्त्याच्या डोक्यावर तो कोणत्या तारखेच्या कक्षाघटकांवरून केला ते छापलं आहे. त्या तारखेनंतर सात दिवसांपर्यंत तो भरवशाचा, पुढे नवा करावा. शेवटचे दोन रकाने मुद्दाम रिकामे ठेवले आहेत: प्रत्यक्ष मध्याची वेळ आणि प्रत्यक्ष विझण्याची वेळ. ते रकाने पेन्सिलीनं भरा, फरक सेकंदांत मांडा, आणि तो रोज एकाच दिशेनं वाढताना दिसला तर कक्षा किती उतरली याचा अंदाज वर दिलेल्या एकोणीस सेकंदांच्या हिशेबानं काढा.